दोन घरांची एक पन्हळ

वडगावातलं आमचं भाड्यानं दिलेलं घर सासऱ्यांनी घेतलेलं. ते गेल्यावर त्याची देखभाल माझ्याकडे आली आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते. हिंडलग्याहून ऑफिसला निघाले की वाकडी वाट करून तिकडे एक चक्कर टाकायची, कौलं बघायची, भिंतीवरून हात फिरवायचा. नवरा म्हणतो, भाडं घ्यायला जातेस की तब्येत विचारायला? मी म्हणते, दोन्ही.

घरात एक आक्का राहतात. एकट्याच. गल्लीत सगळीकडे पॉवरलूमचा खडखडाट, पण आक्कांचा अजून हातमाग आहे, तोही खड्ड्याचा. बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा. आक्का काठावर बसतात, पायांनी खाली खड्ड्यातल्या पावड्या दाबतात आणि साडी विणतात. पावसाळ्यात बोळाकडच्या भिंतीतून पाणी झिरपून त्या खड्ड्यात उतरतं. गेल्या वर्षी तर घोट्याएवढं साचलं होतं.

यंदा उन्हाळ्यात गेले तर दारात मुरमाची तीन पोती.

"हे काय, आक्का?"

"मुरूम. औंदा खड्ड्यात पानी आलं की माग काढनार आनि खड्डा बुजवनार. लेक बोलवतीया हुबळीला."

"आणि तिथं काय करणार?"

"काय करनार? नातवंडं हायत की."

अगदी शांतपणे सांगितलं त्यांनी, पण हात पोत्याच्या तोंडाची सुतळी उगाच सोडत-बांधत होते. माझं डोकंच फिरलं. माझ्या घरातून पाण्यापायी एखादीनं माग मोडून उठून जायचं? मी असताना? "पोत्यांना हात लावायचा नाही," असं बजावून मी बोळात शिरले.

पाणी कुठून येतं हे काही गुपित नव्हतं. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढा बोळ. दोन्ही छपरांचा उतार त्यात, आणि पन्हळ एकाही छपराला नाही. कारण आमच्याकडची जुनी रीत: ज्याच्या पागोळ्या जिथं पडतात, तिथवर जागा त्याची. कौलांवरून गळणाऱ्या पाण्यानं मातीत खळग्यांची एक ओळ पडते. सासरे मला ती दाखवून म्हणायचे, "ही आपली हद्द. हिला जपायचं." समोर शेजाऱ्यांचीही तशीच ओळ. जो आधी पन्हळ लावेल त्याची ओळ बुजणार, आणि उद्या दुसऱ्याची भिंत पुढं सरकणार, ही दोघांना धास्ती. म्हणून दोन शहाण्या घरांनी वर्षानुवर्षं आपापल्या भिंती भिजवल्या आणि त्याला सावधपणा म्हटलं.

पहिला कंत्राटदार आला तो म्हणाला, तुमच्या बाजूनं पन्हळ टाकतो. मी विचारलं, आणि शेजारच्या छपराचं पाणी माझ्या भिंतीवर उडेल त्याचं काय? तर म्हणे, प्लास्टर करून टाका. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मला काय हवंय ते मला पक्कं ठाऊक होतं. माझं माहेर निपाणीचं. तंबाखूच्या वखारींच्या मागं लपंडाव खेळण्यात बालपण गेलं. वखारींची छपरं एकमेकांना खेटून, आणि दोन छपरांमध्ये एकच रुंद पन्हळ. दोन्हीकडचं पाणी तिच्यात. तंबाखूला ओल चालत नाही. जे तंबाखूला चालत नाही ते आक्कांनी का सोसावं? मी भावाला फोन लावला आणि वखारींच्या पन्हळी करणारा माणूस मागवला.

तो बसमधून उतरला तोच मोठमोठ्यानं बोलत. बोळात उभा राहून वर बघितलं आणि म्हणाला, "सोपं हाय, ताई. अशा लई केल्यात. पर दुसऱ्या छपराचा मालक कोन?"

"ते मी बघते. तुम्ही पत्र्याचं बघा."

शेजारचे आप्पा कट्ट्यावर बसले होते. ते माझ्याशी मराठीत बोलतात आणि राग आला की कन्नडमध्ये शिरतात. मग मीही कन्नडमध्ये उत्तर देते. पण माझं कन्नड ऑफिसात शिकलेलं, त्यामुळं मी काहीही बोलले तरी नोटीस बजावल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मराठी सोडायची नाही असं ठरवूनच गेले.

सगळं ऐकून आप्पा म्हणाले, "तुझं सासरं असतं तर ह्ये बोललं नसतं."

"नसतेच बोलले. म्हणून मी आलेय."

"आनि हद्द?"

"तुमचीही जाईल, माझीही जाईल. एकाच दिवशी."

आप्पा कट्ट्यावरून उठून बोळाच्या तोंडाशी गेले. मग विचारलं, "पानी कुठं सोडनार?"

तिथंच मला कळलं की काम झालं. "तुमच्या परसातल्या माडांना," मी म्हटलं. "पत्रा माझा, खाली उतरणारा पाइप तुमचा."

"उतार मागल्या बाजूला पायजे," आप्पा म्हणाले, जणू कल्पना त्यांचीच होती. मी ती त्यांना देऊन टाकली.

दोन्ही छपरांच्या खालच्या कौलांची ओळ काढून, लोखंडी पट्ट्या ठोकून पन्हळ बसली. निपाणीकर म्हणाला, नातवंडांच्या काळापर्यंत थेंब गळायचा नाही. "तोंडानं नको, पाण्यानं सांगा," मी म्हटलं. मग त्यानं नळाचा पाइप वर चढवला आणि दोन्ही छपरांवर पाणी सोडलं. आप्पा भर उन्हात छत्री उघडून बोळाच्या मधोमध उभे राहिले. परीक्षा घ्यायची म्हणजे अशी. पाणी मागं परसात धो धो पडलं आणि छत्री कोरडी ती कोरडीच. आप्पांनी ती झटकून मिटली.

"आक्का, या की बघायला!" मी हाक मारली.

"हितनंच बघतो," आतून आवाज आला. डोकावले तर आक्का मागावर बसलेल्या, अनवाणी पाय खड्ड्यात, एक तळहात बोळाकडच्या भिंतीला लावलेला.

निपाणीकर खाली उतरला आणि बोळातली जमीन बघून म्हणाला, "ह्या खळग्यांत पानी साचंल. भरून ठोकाय पायजेत. मुरूम हाय का?"

मी त्या ओळीकडं बघत राहिले. एकाच दिवशी जाईल, असं मोठ्या तोऱ्यात मीच म्हटलं होतं. पण तो दिवस आता समोर उभा होता आणि मला सासऱ्यांचं ते दाखवणारं बोट आठवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आप्पाही आपल्या ओळीकडं बघत होते.

तेवढ्यात आक्का मुरमाचं एक पोतं ओढत बोळात आल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मला आता लागनार न्हाय."

आप्पांनी वाकून पहिली ओंजळ आपल्या ओळीत टाकली. मग मी आमच्या ओळीत टाकली. दुसरं पोतं रिकामं झालं तेव्हा बोळ सपाट झाला होता. निपाणीकर धुम्मस आपटत म्हणाला, "बास, ताई. झालं."

पण तिसरं पोतं अजून आक्कांच्या दारात होतं. मी जाऊन ते ओढत आणलं आणि बोळात ओतलं.