सीनेचा पूर आणि हट्टी मांजर
सोलापूरजवळच्या आमच्या गावात सीनेचं पाणी शिरू लागलं, तेव्हा सगळे उंचावरच्या देवळात गेलो. आमच्या मांजरीची पिल्लं मी परकराच्या ओच्यात घालून आणली. पण मांजर एकेक पिल्लू तोंडात धरून परत घरी, चुलीमागे नेऊन ठेवू लागली. मी आणायची, ती न्यायची. चिखल तुडवून मी रडकुंडीला आले.

"आगं, पाणी दारात आलंय, कळत न्हाय व्हय तुला?" मी तिच्यावर ओरडले.

शेवटी आईने मायलेकरांना देवळातच दुरडीखाली कोंडून वर दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. घरी पाहिलं, तर चुलीमागची भिंत पार ढासळली होती. मांजरीला त्याचं काय! देवळात परत येऊन मी दुरडी उचलताच तिने माझा हात ओरबाडला. पुढे कितीतरी दिवस ती मला पिल्लांना हातसुद्धा लावू देईना.