गोकुळचं रडणं

देवाने सुलतानपूरच्या गोकुळला मान द्यायला घेतली आणि थांबायचं विसरला. त्या मानेवर बोटभर डोकं, फुटलेला आवाज आणि मिशीच्या जागी कोळशाचा हात लागल्यासारखी लव. असं हे ध्यान अकरावीत होतं तेव्हापासून म्हणायचं, "मले हिरो व्हायचं हाय." स्टँडजवळच्या सलूनच्या आरशापुढे तो डायलॉग मारायचा आणि आम्ही चहा पाजून त्याला पुन्हा मारायला लावायचो. फुकटची करमणूक कोण सोडतो? हसणाऱ्यांना तो आपले चाहते समजायचा. बाप लहानपणीच गेलेला. आई गीताबाई लोकांच्या शेतात निंदायला जायची, आणि पोरगा हिरो होणार यावर तिचा त्याच्याहून जास्त विश्वास होता.

मग चिखलीकडचा प्रज्वल नावाचा पोरगा वऱ्हाडी कॉमेडी फिल्म काढायला गावात आला. त्याने गोकुळला पाहिलं आणि म्हणाला, "सापडला हिरो!" फिल्म हसायची आहे हे त्याने साऱ्या गावाला सांगितलं, फक्त हिरोला सांगितलं नाही. गोकुळ बाशिंग बांधून नवरदेव झाला. एका सीनमध्ये रडायचं होतं, तर याला काही केल्या रडू येईना. प्रज्वलने त्याला बाजूला घेतलं.

"समज बे, तुही माय मेली. पुढं तिरडी हाय. आता बोल."

पोराने पुढच्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. मग मान ताणली गेली आणि घशातून जे निघालं ते ऐकून कॅमेरा धरणाराही दचकला. "मले सोडून काऊन गेली व! आता मी कोणाजोळ जाऊ व!"

घरी जाऊन त्याने आईला सांगितलं, "माय, आज तुह्यासाठी रडलो. सारं गाव रडते का नाही, पाह्यजो तू."

त्या माउलीला काय करू नि काय नको असं झालं. मारुतीच्या पारासमोर पडदा लावून फिल्म दाखवायचं ठरलं, तर तिने कुंकवाच्या अक्षता घेतल्या आणि लग्नाला देतात तसं गल्लीभर चूलबंद आवतन दिलं. म्हणजे त्या दिवशी कोणी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी तिच्याकडेच जेवायचं. सिनेमाला चूलबंद आवतन देणारी बाई वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. वरण-बट्टी चापून आम्ही पडद्यासमोर बसलो.

फिल्ममध्ये बकरी आली. तिने नवरदेवाचं बाशिंग खाल्लं आणि पळाली. पाठोपाठ पडदाभर गोकुळचं तोंड: "मले सोडून काऊन गेली व!" तिकडून बकरी ओरडली. माणसं अक्षरशः लोळली. गीताबाईही हसली. आवतन तिचंच होतं. पाहुण्यांत तोंड पाडून बसणार कशी? पदर तोंडाला लावून ती हसत राहिली, आणि गोकुळ पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

प्रसिद्धी मात्र मिळाली. ते रडणं मोबाइलमोबाइलवर फिरलं. लोणारच्या स्टँडवर तो उतरला की पोरं 'बॅऽऽ' करायची. पुढे तो एका हॉटेलात भजी तळायला लागला. तिथेही गिऱ्हाईक आधी रडायला लावायचं आणि मग भजी मागायचं. तो रडून दाखवायचा. न दाखवून करतो काय?

मागच्या वर्षी गीताबाई तापाने गेली. अंगणात तिरडी बांधून झाली, बायका भोवती बसल्या. गोकुळ पुढे आला. मान ताणली गेली.

"मले सोडून काऊन गेली व..."

तोच आवाज, तेच शब्द. मागे शेजारच्या किसनरावांचे खांदे हलू लागले. कोणी खोकल्याचा आव आणला. पोरं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गल्लीतल्या सिंधूताईने तर पदराचा बोळा तोंडात कोंबला. मयताच्या दारी आलेलं हसू दाबावं तेवढं उसळतं; आम्हाला कोणालाच ते आवरलं नाही.

गोकुळने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मडकं धरलं, अग्नी दिला. घशातून पुन्हा आवाज काढला नाही.

मसणवाटेवरून परतलो तेव्हा दारात सिंधूताई बसलेली होती. म्हणाली, "पाह्य बाई, मायनं एवढं केलं, अन् पोट्ट्याच्या डोयात टिपूस नाही."

"हाव ना," आम्ही म्हणालो.