फ्रिजमधली लाल चिठ्ठी

माझी बायको विसराळू झाली आहे, असं मी दोन वर्षं लोकांना सांगत होतो. मुलाला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आणि बुद्धविहारातल्या महिला मंडळालाही सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं काय होतं ते इथे लिहून ठेवतो.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलर विभागात तीस वर्षं काढली. तिथे हवेच्या मार्गात लोखंडी झडपा असतात, त्यांना डॅम्पर म्हणतात. एकेका झडपेच्या पोटात माणूस उभा राहील एवढ्या मोठ्या. किती हवा सोडायची, किती अडवायची, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत माझ्याकडे हवा अडवण्यासारखं काही उरलं नाही.

मग एका उन्हाळ्यात घरातलं दूध नासायला लागलं. मुलानं घेऊन दिलेला फ्रिज तसा नवाच होता. वरच्या कप्प्यातला बर्फ दगडासारखा घट्ट, म्हणजे यंत्र ठणठणीत. तेव्हा दोष माणसाचा, असा मी निष्कर्ष काढला. घरात माणसं दोन आणि त्यांतला एक मी.

"तू दार नीट लावत नाहीस," मी म्हणालो.

"लावते."

"तुला आठवत नसेल."

पहिल्यांदा हे वाक्य मी सहज बोलून गेलो. पुढे ते रोजचं झालं.

मी फ्रिजला एक वही बांधली. दार किती वाजता उघडलं, कोणी, कशासाठी, अशी नोंद करायची. केंद्रात प्रत्येक पाळीला अशी वही असे. बायकोनं एक दिवस लिहिलं, 'दहा वाजून पाच मिनिटं, मी, आलं. दहा वाजून सात मिनिटं, मी, आलं घ्यायचं विसरले.' ती माझी थट्टा करत होती. मी त्या पानाचा फोटो काढून पुण्याला मुलाकडे पुरावा म्हणून पाठवला.

मी स्वतः दर तासाला दार उघडून आतला थर्मामीटर वाचत होतो. ते उघडणं मी वहीत धरलं नाही. ते निरीक्षण होतं.

हिवाळ्यात दूध टिकायला लागलं. नाशिकच्या थंडीत ते ओट्यावरही टिकलं असतं, पण मी मुलाला फोन करून कळवलं की थंडीत आईची स्मृती सुधारते. तो काळजीत पडला आणि रजा काढून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही गेलो. डॉक्टरांनी तिला आज वार कोणता विचारलं. ती म्हणाली, "गुरुवार. वेळ हवी असेल तर ह्यांची वही बघावी लागेल." डॉक्टर हसले. 'वयोमानानुसार ठीक' असं त्यांनी लिहून दिलं. मी सगळ्यांना सांगताना त्यातलं 'वयोमान' तेवढं सांगितलं.

इथवर सगळं घरात होतं. पण दरवर्षी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात ग्रंथवाचन होतं, आणि कॉलनी वसली तेव्हापासून ते वाचन माझी बायको करत आली होती. तिचा आवाज मोठा नाही, पण मागच्या भिंतीशी बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळतो. वर्षभरात तिचं स्वतःचं म्हणून जे काही होतं, ते हे. मी मंडळाच्या अध्यक्षबाईंना, त्या निवृत्त शिक्षिका, बाजूला घेऊन म्हणालो, "हिला ताण नको. मधेच पान विसरली तर तिलाच वाईट वाटेल." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. वाचन मंडळातल्या दुसऱ्या बाईंकडे गेलं. ती लागोपाठ दोन वर्षं मागे भिंतीशी बसून ऐकत राहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात ती आठ दिवस बहिणीकडे गेली. घरात मी एकटा, दार मी लावत होतो, आणि दूध तिसऱ्या दिवशी नासलं.

मी दारात कागदाची पट्टी धरून रबर तपासलं. पट्टी ओढून निघेना, म्हणजे रबर चांगलं. पंख्याचा आवाज येत होता. मग खालच्या कप्प्यात, वरून थंड हवा येते त्या जाळीसमोर शिवणाचा दोरा धरला. दोरा हलला नाही. वरची थंडी खाली उतरतच नव्हती.

प्लग काढून मी मागचा पत्रा उघडला. आत थर्माकोलमध्ये बसवलेली काडेपेटीएवढी पांढरी झडप होती. फ्रिजलाही डॅम्पर असतो. तो बंद अवस्थेत अडकला होता आणि त्याच्या फटीत घडी घातलेला लाल पुठ्ठा होता. घडी उलगडली. 'डॅम्पर ५०% उघडे. परवानगीशिवाय हलवू नये.' खाली तारीख आणि माझी सही.

मग आठवलं. फ्रिज नवा असताना जाळीसमोरची कोथिंबीर गोठत होती, म्हणून हवा जरा कमी करावी असं ठरवून, केंद्रातल्या झडपांवर लावायचो तशी लाल चिठ्ठी लिहून मी ती जाळीतून आत सरकवली होती. झडपेची छोटी मोटर त्या पुठ्ठ्याशी झटत राहिली असणार. तिचे दाते झिजून गेले होते.

तुटका डॅम्पर घेऊन मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तो उलटसुलट केला. "काका, हा आपोआप जात नाही. ह्यात कोणीतरी काहीतरी कोंबलंय. घरात लहान मुलं?"

"नाही. मी आणि बायको."

"मग काकूंना सांगा, असं काही करत जाऊ नका."

"सांगतो," मी म्हणालो.

सगळ्यांत जास्त लाज मला त्या 'सांगतो'ची वाटते.

नवा डॅम्पर बसवला, तार जोडली, पत्रा लावला. दोरा हलला. बायको परत आल्यावर तिच्यापुढे चिठ्ठी ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं ती दोनदा वाचली.

"हे मला सांगून काय उपयोग? मी विसरत नव्हते हे मला ठाऊकच होतं. ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा."

वर्षावास सुरू होतो त्या आषाढी पौर्णिमेआधी विहारात महिला मंडळाची बैठक होती. मी जुना डॅम्पर पिशवीत घालून बायकोबरोबर गेलो. उभा राहून जयभीम केला आणि सुरुवातीपासून सांगितलं: बॉयलरची झडप, फ्रिजची झडप, कोथिंबीर, पन्नास टक्के. चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. स्वतःच्या सहीनं स्वतःच्याच फ्रिजला परवानगीची अट घालून ती मी विसरलो, हे तीन वेळा सांगितलं, कारण कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, बसा. पाणी घ्या."

एकीनं माझ्या हातातला डॅम्पर अलगद काढून घेतला. दुसरी माझ्या बायकोच्या कानाशी लागली, पण मला ऐकू आलं. "ताई, हे कधीपासून?"

बायको क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "दोन वर्षं तरी झाली."

"आणि तुम्ही एकटीनं निभावलंत. आम्ही उलटंच समजत होतो." अध्यक्षबाईंचे डोळे भरून आले. यंदाचं वाचन तिथल्या तिथे तिच्याकडे परत आलं.

घरी येताना मी म्हणालो, "त्यांचा गैरसमज झालाय. तू सांगायला हवं होतंस."

"काय खोटं बोलले? चिठ्ठी ठेवली कोणी, विसरलं कोण?"

"पण आता मला सगळे..."

"मी दोन वर्षं काढली," ती म्हणाली. "तुमचा तर पहिलाच दिवस आहे."

वाचन सुरू होऊन महिना झाला. मी कुठे भरकटू नये म्हणून मला पहिल्या रांगेत मंडळातल्या दोघींच्या मधे बसवतात. ती चष्मा लावते, खूण घातलेलं पान उघडते आणि कुठेही न अडखळता वाचते.