ब्रेकची हवा काढायची राहिली होती

मल्लिनाथनं पिकअप स्टार्ट केला तेव्हा मी माझ्या गॅरेजच्या नळावर हात धूत होतो. मी ओरडलो, "अरे मल्लू, काम राहिलंय."

"मामा, अमावस्या हाय. देवळापर्यंत जाऊन येतो की. तुमी पण बसा."

अमावस्येला आमच्याकडं गाडी पुजतात. नवीन काम झालेली गाडी आधी देवाला दाखवायची, मग भाड्याला लावायची. त्यानं मंद्रूपहून आई, बायको आणि दोन पोरं आणली होती. ती मागं हौद्यात बसलीपण. चाकाखालची लिंबं फुटली. मी पळत जाऊन केबिनमध्ये चढलो.

काम काय होतं ते सांगतो. मल्लू कांदा वाहतो, आणि लई भरतो. त्यामुळं मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा दांडा, सारखा जायचा. म्हणून त्यानं भंगारातून मोठ्या टेम्पोचा ॲक्सल आणला. तो मी पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांना, बसवला. पण मोठ्या ॲक्सलचा ब्रेकही मोठा, त्याला तेल जास्त लागतं. पेडलखालचा पंप मात्र लहान गाडीचाच. त्यात ब्रेकच्या पायपात हवा राहिली तर पेडल नुसतं खाली जातं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खालून नट ढिला करून हवा सोडायची, परत आवळायचा, मगच वरच्यानं पाय उचलायचा. माझी बायको होती तोवर पेडलवर तीच बसायची. ती गेली. आता गाडीवाल्यालाच बसवतो. मल्लूचा फोन वाजला की त्याचा पाय वर. हवा परत आत. म्हटलं, हात धुतो, मग पहिल्यापासून करू. तेवढ्यात हे.

रस्त्याला लागल्यावर मल्लूनं ब्रेक दाबून बघितला. "लागतोय की."

"दोनदा दाबल्यावर लागतोय. वळव गाडी."

"उतार झाला की वळवतो."

उताराला एसटी उभी होती. बायका टोपल्या घेऊन उतरत होत्या. मल्लूनं पेडल दाबलं, ते पत्र्याला टेकलं. परत दाबलं, परत टेकलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. ते तोंड मला अजून दिसतंय. माझा हात हँडब्रेककडं गेला. मग आठवलं, त्याची वायर नव्या ॲक्सलला जोडलेलीच नव्हती.

मागं पोरं हसत होती. त्यांना वाटलं, बाप गाडी पळवतोय.

बायको गेल्यापासून मरणाचं भ्या उरलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. खोटं होतं ते. त्या उतारावर कळलं.

"दुसरा गिअर टाक. क्लच सोड. डावीकडं मुरूम हाय, त्यात घाल."

गिअर करकरत पडला. मल्लूचे हात जागेवरच. मीच स्टिअरिंग ओढलं. रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या ढिगात गाडी नाकापर्यंत घुसली. एसटीची मागची शिडी खिडकीतून हात काढला तर लागली असती.

थोडा वेळ मागून काहीच ऐकू आलं नाही. तो वेळ सगळ्यात वाईट. मग पोरं रडायला लागली आणि मला श्वास आला.

"एनातु?" म्हातारी विचारत होती. कानडीत, काय झालं म्हणून. मग मुरूम झटकत म्हणाली, "देवानंच थांबवलं बगा."

"मुरमानं थांबवलं," मी म्हटलं.

मल्लूची बायको दोन्ही पोरांना चाचपत होती. "मामा, जुना ॲक्सल टाकून दिला का?"

"न्हाय. हाय की."

"तोच बसवा."

मल्लू म्हणाला, "अगं, पंप मोठा टाकला की हाच चालतोय."

"मग एकटंच बसा त्यात. आमी एसटीनं येतो."

बेअरिंग बदलून जुनाच ॲक्सल बसवला. मल्लूचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मोठा पंप टाकून, वायर जोडून ते काम जमलं असतं. पण चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, लहानच राहिली असती, आणि मल्लूनं कांदा वाढवलाच असता.

आता मी गाडी आधी रिकामी फिरवतो. मग माणसं, मग देव. तोवर किल्ली माझ्या खिशात.