एनिड विटकोमचा शिक्का

चेस्टरहून सॅलिसबरीला सायकलवर निघालेला माणूस दोन दिवस आडवाटा तुडवत, श्रूझबरी, लडलो, ग्लॉस्टर अशी जुनी गावं मागे टाकत कोल्डब्रुकला पोचायचा, तेव्हा त्याला ना कॅथीड्रलचे कळस आठवत ना सफरचंदाचा फुलोरा. त्याला दिसायची फक्त एनिड विटकोम: पिठाचा एप्रन, हातात वाफाळता मग आणि पुढ्यात रबरी शिक्का.

दर वर्षी मे महिन्यातल्या त्या रविवारी गावच्या सभागृहात सव्वीस वर्षं तिचाच अंमल होता. ही शर्यत नव्हे. प्रत्येकाच्या खिशात एक पुठ्ठ्याचं कार्ड, आणि थांब्याथांब्यावर त्यावर शिक्का आणि वेळ. वेळ टळली तर फेरी धरत नाहीत, आणि रस्त्यात कुणाची मदत घेतली तरीही नाही. मदत मिळणार ती थांब्यावरच. म्हणून एनिड हात राखून वाढत नसे. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तिने ब्रेड पुडिंगचे चार ट्रे भाजले होते.

त्या दुपारी सगळे येऊन गेले, राहिला एकटा लेनर्ड हॅसल. शहात्तर वर्षांचा निवृत्त पोस्टमन. गेली दोन वर्षं त्याची फेरी याच थांब्यावर वेळ टळून बाद झाली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की यंदाची शेवटची. यंदा तिच्याऐवजी शिक्के मारायला बसलेली बेरिल धारा काढायला घरी गेली, तेव्हा एनिड स्वयंपाकघरातून बाहेर येऊन टेबलाशी बसली.

इतक्यात लेनर्ड दारातून आत आला, चिखलाने माखलेला. ओढा ओलांडताना मनगटावरचं घड्याळ पाण्यात जाऊन बंद पडलं होतं. कोल्डब्रुकची मुदत होती चारची. किती वाजले, हे त्याने विचारलं नाही, नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

एनिडने वर भिंतीकडे पाहिलं. सभागृहाचं घड्याळ इतकं उंच, की मार्चमध्ये उन्हाळी वेळेसाठी सारा देश काटे तासभर पुढे करतो तेव्हा इथे शिडी आणायचा कुणाला उत्साह नसे. उन्हाळाभर ते तासभर मागे, आणि गावकरी मनातल्या मनात एक तास मिळवत. काटे साडेतीनवर होते. एनिडने एक मिळवला.

"साडेचार," ती म्हणाली.

"मग साडेचार लिही. एवढं तोंड पाडू नकोस, मेलो नाहीये मी."

तिने लिहिलं. शिक्का मारला. लेनर्डने ओले बूट काढले, पाय दुसऱ्या खुर्चीवर पसरले आणि टोस्टवरचे बीन्स, दोन अंडी, पुडिंगचे तीन तुकडे सावकाश संपवले. जवळच्या स्टेशनावरून गाडी किती वाजता आहे, हेही विचारून घेतलं. मग जरा डुलकी लागली.

चर्चचे टोले पडू लागले. पाच पडणार म्हणून एनिड सवयीने मोजत होती. चौथ्यानंतर ती थांबली. पाचवा पडेना.

तिच्या दिराने, जेफने, गेल्याच आठवड्यात मोठ्या शिडीवर चढून सभागृहाचं घड्याळ तासभर पुढे केलं होतं. वहिनीची सोय व्हावी म्हणून. आणि तिला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

तिने लेनर्डला हलवून जागं केलं, सगळं सांगितलं, कार्डावरचं साडेचार खोडून साडेतीन केलं आणि शेजारी सही ठोकली. सॅलिसबरी साठ किलोमीटर, मुदत आठची. "अर्धा तास मी खाल्ला तुझा," ती म्हणाली.

"खाल्लं मी, तू नव्हे," बुटाची नाडी ओढत तो म्हणाला, आणि निघालासुद्धा.

त्याच्या मागे गाडी नेता येत नव्हती. नेली असती तर फेरी बाद. एनिडने ताटल्या धुतल्या. मग धुतलेल्याच ताटल्या पुन्हा धुतल्या. आठला पाच कमी असताना फोन वाजला. सॅलिसबरीहून खुद्द लेनर्डच होता.

"सात बावन्न," तो म्हणाला. "लिहून घेतलंय माझ्यासमोर."

ती माफी मागू लागली. त्याने मागू दिली नाही. "ऐक. एकोणीस वर्षं तुझ्याकडे उभ्याउभ्या खाऊन पळत आलोय. सॅलिसबरीच्या अलीकडच्या माळावरच्या चढांवर दर वेळी माझा जीव जायचा. आज तू मला बसवलंस, बूट काढायला लावलेस. पाय पिसासारखे हलके होते गं."

"म्हणजे चुकल्याबद्दल आभार मानतोयस माझे?"

"मागच्या एकोणीस वर्षांचे मानायचे राहिलेत, ते मानतोय. पुडिंगसकट."

त्याचं पुढचं ऐकत, रिसीव्हर खांद्याशी धरून, एनिडने सकाळपासूनचा स्वतःसाठी पहिला चहा ओतला आणि खुर्ची ओढून बसली.