पोट न फाडलेलं हरिण

व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि वासच अंगावर आला. ताडपत्रीवर मोठ्या शिंगांचं लाल हरिण पडलं होतं. पोट ढोलासारखं फुगलेलं.

मी जनावरांचा डॉक्टर. परभणीला शिकलो, आता स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसजवळच्या एका प्लांटवर इन्स्पेक्शन करतो. डोंगरात मारलेली हरणं इथे येतात, सोलली जातात, मग हॉटेलांना जातात. मांस खाण्यालायक आहे की नाही, ते मी ठरवतो.

शिकारीतला पहिला धडा साधा आहे. हरिण पडलं की तिथेच, डोंगरावरच, पोट फाडून आतडी काढायची. इथे त्याला ग्रॅलॉक म्हणतात. उशीर केला की आतड्यातली घाण मांसात उतरते.

हरिण घेऊन आलेला निखिल मूळचा पुण्याचा, राहणार लंडनमधल्या इल्फर्डचा, नोकरी बँकेत. जॅकेट इतकं नवं, की घडीच्या खुणा दिसत होत्या. सरकारी जंगलाचं परमिट काढून, गाईड न घेता, साहेब एकटेच शिकारीला निघाले होते. आज रात्री लॉजवर डायरेक्टरला स्वतः मारलेल्या हरणाचं डिनर द्यायचं होतं, कारण प्रमोशन त्या डायरेक्टरच्या हातात. हे सगळं त्याने मी न विचारता सांगितलं.

"अहो डॉक्टर, तुम्ही मराठी! मग टेन्शनच नाही."

"मारलं कधी?"

"काल सकाळी. सिंगल शॉट. थेट हार्टमध्ये."

"आणि ग्रॅलॉक?"

"ते तुमच्याकडे करतात ना? सर्व्हिसमध्ये इन्क्लुडेड नाही का?"

बँकेतली सवय. नकोसं काम दुसऱ्याकडे ढकलायचं.

"तुम्हाला येत नव्हतं?"

"व्हिडिओ बघितला होता हो. पण फारच घाण प्रकार आहे तो."

मी ग्लोव्हज चढवले आणि जनावर उलटवलं. गोळीचं भोक बरगड्यांच्या मागे, पोटात होतं. भोवतालची कातडी हिरवी पडली होती. हृदयात गोळी बसलेलं हरिण फार लांब जात नाही.

"सापडलं कधी?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "दुपारी."

म्हणजे सकाळपासून ते फाटक्या पोटाने पळत होतं. मला भयंकर संताप आला. थेट हार्टमध्ये म्हणे!

प्लांटची मॅनेजर फियोना डोकावली. "एनी गुड?"

"बिन," मी म्हणालो, म्हणजे थेट कचऱ्याच्या डब्यात. ती रंगाचा डबा आणायला गेली. नापास मांस कुणी चोरून विकू नये म्हणून त्यावर निळा रंग ओततात.

"काका, प्लीज!" दोन मिनिटांत मी डॉक्टरचा काका झालो. "आपण आपली माणसं. एक मागचा पाय तरी पास करा. नीट शिजवतो. कुणाला कळणार आहे?"

"कळेल ना. पहाटे डायरेक्टर संडासातून उठेना झाला की सगळ्या लॉजला कळेल."

फियोनाने रंग ओतला. निखिलने लॉजला फोन लावला आणि डिनरला चिकन सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, निदान शिंगं तरी? डायरेक्टरना दाखवायला."

"मिळतील की. डोकं तेवढं तुम्ही कापा." मी सुरी पुढे केली.

त्याने सुरीकडे बघितलं, हरणाकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला.

शिंगं बिनमध्येच गेली. ज्याला सुरी धरायची किळस येते, त्याला बंदुकीचं परमिट देऊ नये, इतकंच माझं म्हणणं आहे.