अगर प्लेट

आमच्या शाळेच्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन सुक्या जवळ्याच्या वासाने झालं. फीत नंतर कापली.

मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा मानधनावर होते. कायम होण्याची वाट बघून बघून माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती. एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं, "शनिवारी संस्थेचे अध्यक्ष नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला येतायत. हात धुण्याचं महत्त्व, यावर काहीतरी दणदणीत दाखवा. त्यांना पटलं तर तुमचं कायमचं काम झालंच म्हणून समजा. नाही पटलं तर... पुढच्या वर्षी जाहिरात निघेलच!"

अध्यक्षांना स्वच्छतेचं भयंकर वेड. कुणाशी हात मिळवला की लगेच खिशातून सॅनिटायझर काढायचे. (तेही समोरच्याच्या देखत!) मी ठरवलं, यांना अगर प्लेट्स दाखवायच्या. म्हणजे झाकणाच्या काचेच्या बशीत अगरची जेली लावायची, तिच्यावर मळकं बोट टेकवायचं आणि बशी उबेत ठेवून द्यायची. दोन-तीन दिवसांत बोटावरच्या जंतूंच्या वसाहती ठिपक्याठिपक्यांनी वर येतात. बघणारा माणूस जन्मभर हात धूत बसतो. शाळेत अजून गॅसचा पत्ता नव्हता, म्हणून हे सगळं घरीच करायचं ठरलं आणि तिथेच माशी शिंकली.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर जासईचं, आगऱ्यांचं. लग्नानंतर आम्ही पनवेलला आलो, पण सासूबाईंच्या हातची आगरी चव तसूभर हलली नाही. मी स्वयंपाकघरात गेले. त्या कोलंबी सोलत बसल्या होत्या.

"आई, शनिवारी शाळेत वीस अगर प्लेट न्यायच्यात."

त्यांचे हात थांबले. "आगरी प्लेट? तुज्या शालेत?"

"हो, अगर प्लेट. अध्यक्ष येणार आहेत."

"आगरीच ना?"

"अगरच! त्यांना आवडल्या तर मी कायम होईन. माझी नोकरी आहे हो त्याच्यावर."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "पोरी, तू अजाबात कालजी करू नको. मी हाय ना!"

मला वाटलं, बिचाऱ्यांना 'अगर' म्हणता येत नाही. त्यांना वाटलं, या सातारकरणीला 'आगरी' म्हणता येत नाही. दोघीही समंजस, त्यामुळे कुणीच कुणाला सुधारलं नाही!

बुधवारी मी बाजारातून चायना ग्रास आणलं (अगरचं किराणा दुकानातलं नाव हे!), बटाट्याच्या पाण्यात चमचाभर साखर घालून उकळलं, कुकरला शिट्ट्या दिल्या आणि बशांमध्ये ओतलं. सासूबाईंनी कुकरच्या तळाशी उरलेलं बोटावर घेऊन चाखलं.

"यात दूध नाय, वेलची नाय. आजाऱ्याचं गोड हाय का गो?"

"आई, ज्यांच्यासाठी करतेय त्यांना असंच आवडतं!"

"अरे देवा," सासूबाई पुटपुटल्या.

मग मी बशांवर चिकटपट्ट्या लावल्या: 'मोबाइल', 'दाराची कडी', 'दहाची नोट', 'न धुतलेला हात'. त्या हातासाठी नवऱ्याचा अंगठा घेतला. "माझाच का?" तो ओरडला. मी म्हटलं, "विज्ञानाला उत्तम नमुना लागतो!" सगळ्या बशा फ्रिजच्या डोक्यावर उबेत ठेवल्या. शुक्रवारी सकाळपर्यंत काय पीक आलं होतं म्हणून सांगू! पिवळे ठिपके, करडी लव. नवऱ्याच्या अंगठ्याने तर पहिला नंबर पटकावला होता. मी खूश होऊन शाळेत फलक रंगवायला गेले, ती संध्याकाळीच परतले. बशा फ्रिजच्या डोक्यावर नव्हत्या.

"आई, माझ्या प्लेट्स?"

"बरफाच्या डब्यात भरून ठेवल्यात. उगडू नको, गरम होतील. सकाली तसाच डबा घेऊन जा."

थंडीत ठेवल्या तर जंतू आहेत तेवढेच राहतील, हे माझ्या सासूबाईंना कसं काय सुचलं? मला इतकं कौतुक वाटलं की मी डबा खरंच उघडला नाही. (विज्ञान शिकवणारी बाई मी!)

शनिवारी अध्यक्ष आले. मी स्वच्छतेवर भाषण ठोकलं, मुलांना पुढे बोलावलं आणि म्हटलं, "आता पाहा, सर, न धुतलेल्या हातावर काय काय दडलेलं असतं!" आणि डब्यातली ती बशी काढून झाकण उघडलं.

आत दुधाळ, तुकतुकीत जेली होती. वर पिस्त्याचे काप आणि मधोमध केशराची काडी.

अध्यक्षांनी भिंग लावलं. "हा हिरवा कोणता जंतू?"

मी पटकन 'दाराची कडी' उघडली, तर तिला वेलचीचा घमघमाट! मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती पाहून मी मनातल्या मनात जाहिरातीचा मजकूरसुद्धा वाचून काढला.

तेवढ्यात दारात टेम्पो वाजला. सासूबाई, त्यांची जासईची बहीण आणि दोन पातेली आत आली. प्रयोगाच्या टेबलांवर बघता बघता ताटं मांडली गेली: तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, सुका जवळा.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आगरी प्लेट!" सासूबाई म्हणाल्या. "वीस सांगितल्या व्हत्या, आमी पंचवीस आनल्या."

"आई," मी कळवळून कुजबुजले, "माझ्या त्या बशांचं काय केलंत?"

"त्याना बुरशी आलती गो! तुजी इज्जत जाईल म्हनून गुपचूप टाकलं. बशा गरम पान्यात उकलून घासल्या, नवीन गोड लावलं. तू लिवलेल्या चिठ्ठ्या जशाच्या तशा परत चिकटवल्या हां, इकडची तिकडं नाय केली!"

मला हसावं की रडावं कळेना. मी रडणंच निवडलं. पण जवळ्याचा वास अध्यक्षांच्या नाकात शिरला होता. ते हात धुवायला नळाकडे गेले. नळाला पाणी नाही! (पनवेलमध्ये राहता, आणि पाण्याची वाट बघता?) खिसे चाचपले, तर सॅनिटायझर गाडीत. त्यांनी एकदा फलकाकडे पाहिलं, 'हात धुवा, रोग टाळा'. एकदा कोलंबीकडे पाहिलं. आणि बसले!

भाकरी संपली, कालवण संपलं. शेवटी त्यांनी 'न धुतलेला हात' चमच्याने खाल्ला आणि म्हणाले, "अजून एक आहे का?"

सासूबाईंनी 'दाराची कडी' पुढे केली. मुलांनी 'मोबाइल'वर झडप घातली.

"या मॅडमना कायम करा," निघताना अध्यक्ष बोटं चाटत मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले. मी तिथेच सासूबाईंच्या गळ्यात पडले. त्या म्हणाल्या, "बग, तुज्या त्या बेचव गोडावर भागलं असतं का?"

सोमवारी मी कायम शिक्षिकेच्या थाटात वर्गात उभी राहिले. म्हटलं, जे झालं ते झालं, मुद्दा तरी मुलांच्या डोक्यात शिरला असेल.

"मुलांनो, शनिवारच्या प्रयोगातून आपण काय शिकलो?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "हात धुवायचे नाहीत, मॅडम!"

"अरे, का?"

"न धुतलेला हातच सगळ्यात गोड होता! सरांनी आख्खा खाल्ला!"

तेव्हा पनवेलकर पालकांनो, हात जोडून विनंती आहे, आपापल्या पोरांचे हात घरीच धुवून पाठवा. शाळेच्या भरवशावर राहू नका. तिथे आता मी कायम झालेय!